ठिणगी एक, नियम अनेक

पेट्रोल पंपावरील यंत्र दुरुस्तीसाठी उघडलेले असेल तेव्हा दुरूनच आत नजर टाकावी. मोटर आणि तारांचे जोड ज्या पेट्यांत बसवलेले असतात त्या ओतीव धातूच्या, जाड कडांच्या आणि भरपूर बोल्ट लावलेल्या दिसतात. कारखान्यांत या प्रकारच्या सामानाला ‘फ्लेमप्रूफ’ किंवा नुसते ‘एफएलपी’ म्हणतात. एवढी जाड पेटी कशासाठी, असे विचारले तर बहुतेक जण सांगतात की पेट्रोलची वाफ आत शिरू नये म्हणून.

हे उत्तर चुकीचे आहे. वाफ आत शिरते. मोटर चालून तापली की पेटीतील हवा प्रसरण पावते व थोडी बाहेर पडते. मोटर थांबून थंड झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या हवेत वाफ असेल तर तीही येते. अशा पेटीची रचना करणारा अभियंता गृहीतच धरतो की कधीतरी आत ज्वालाग्राही मिश्रण साठेल, ठिणगी पडेल आणि पेटीच्या पोटात स्फोट होईल. पेटीने दोन गोष्टी करायच्या असतात. आतील दाबाने फुटायचे नाही, आणि कडांच्या फटीतून बाहेर पडणारे तप्त वायू इतके थंड करायचे की बाहेरचे मिश्रण पेटणार नाही. ब्रिटनमध्ये अशा पेटीला ‘फ्लेमप्रूफ’ म्हणतात, अमेरिकेत ‘एक्स्प्लोजन-प्रूफ’. दुसरा शब्द ऐकून पेटीत स्फोट होतच नाही असे वाटते. पहिल्याचे मराठीत ‘ज्वालारोधक’ केले तर आग न लागणाऱ्या पडद्याच्या कापडाची आठवण होते. कामगारांनी ‘एफएलपी’ ही तीन अक्षरे उचलली, यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

हे दोन शब्द दोन वेगवेगळ्या परंपरांतून आले आहेत. तेलशुद्धीकरण कारखाने, रंगांचे कारखाने, आसवन्या, औषधनिर्मितीचे प्रकल्प अशा ठिकाणी कोणते विद्युत् उपकरण चालेल हे ठरवणाऱ्या जगातील दोन मोठ्या नियमसंचांची ही नावे आहेत. एक आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तंत्र आयोगाचा, म्हणजे आयईसीचा. तो युरोपात आणि भारतातही स्वीकारला गेला आहे. दुसरा अमेरिकेच्या ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’चा. दोन्हींची तुलना अभियंते नेहमी करतात. पण ती बहुधा दोन स्तंभांच्या तक्त्यात होते. इकडे याला हे म्हणतात, तिकडे ते म्हणतात, एवढेच त्यातून कळते. कोणता नियम कुठे बरोबर आणि कुठे कच्चा, हे तक्ता सांगत नाही. तेच येथे पाहायचे आहे.

आधी निसर्गाचा भाग. तो दोन्हीकडे एकच आहे. बन्सन बर्नरच्या वर तारेची जाळी धरून जाळीवरचा वायू पेटवला, तर ज्योत जाळीच्या वरच राहते, खालच्या वायूपर्यंत उतरत नाही. धातू उष्णता शोषून घेतो आणि ज्योत छिद्रातून जाताना विझते. हंफ्री डेव्ही यांनी १८१५ साली खाणकामगारांसाठी दिवा बनवला तो याच तत्त्वावर. पुढे खाणींत वीज आली, तेव्हा जर्मनीत कार्ल बायलिंग यांनी गेल्सेनकिर्शेन येथे विसाव्या शतकाच्या आरंभी विद्युत् यंत्रांच्या पेट्या मिथेनमध्ये तपासल्या. जाळीच्या छिद्राचे काम तेथे पेटीच्या दोन कडांमधील अरुंद फटीने केले.

फट किती अरुंद हवी, हे वायूवर अवलंबून आहे. ते मोजण्याची एक ठरलेली पद्धत आहे. २० घनसेंटिमीटरचा एक पोकळ गोल घेतात. त्याच्या दोन अर्धगोलांच्या कडा २५ मिलिमीटर रुंद असतात. आत आणि बाहेर एकच वायुमिश्रण भरायचे, आत ठिणगी द्यायची, आणि बाहेरचे मिश्रण पेटत नाही अशी सर्वांत मोठी फट शोधायची. मिथेनसाठी ही फट १.१४ मिलिमीटर भरते. प्रोपेनसाठी ०.९२, इथेनॉलच्या वाफेसाठी ०.८९, एथिलीनसाठी ०.६५, ॲसिटिलीनसाठी ०.३७ आणि हायड्रोजनसाठी अवघी ०.२९ मिलिमीटर. हे आकडे न्यूयॉर्कमध्ये, बर्लिनमध्ये आणि धनबादमध्ये सारखेच मिळतील.

आता माणसांचा भाग. इतक्या वायूंसाठी वेगवेगळ्या पेट्या बनवणे परवडणार नाही, म्हणून वायूंचे गट पाडावे लागतात. आयईसीने मिथेनने भरलेल्या खाणींसाठी पहिला गट ठेवला, आणि जमिनीवरच्या कारखान्यांसाठी दुसरा. दुसऱ्याचे तीन भाग केले. फट ०.९ मिलिमीटर किंवा अधिक असेल तर २-ए, ०.५ ते ०.९ मध्ये असेल तर २-बी, ०.५ किंवा कमी असेल तर २-सी. अमेरिकेने रेषा ०.७५ आणि ०.४५ वर मारल्या. तेथे ०.७५ च्या वरचे वायू गट डी, ०.४५ ते ०.७५ मधले गट सी, ०.४५ पर्यंतचे गट बी, आणि ॲसिटिलीन एकटेच गट ए.

या रेषांच्या फरकाला महाराष्ट्राने दुर्लक्ष करू नये असे एक कारण आहे, ते म्हणजे इथेनॉल. साखर कारखान्यांच्या आसवन्यांत ते बनते, पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी टाक्यांत साठवले जाते, टँकरमधून वाहिले जाते. त्याची फट ०.८९. अमेरिकन रेषेप्रमाणे ते प्रोपेन आणि पेट्रोलच्या पंगतीला गट डीमध्ये बसते, म्हणजे सर्वांत सौम्य गटात. आयईसीच्या रेषेप्रमाणे ते थोडक्यात घसरून २-बीमध्ये, एथिलीनच्या पंगतीला जाते. प्रोपेन आणि इथेनॉल यांच्या फटींत फरक आहे ०.०३ मिलिमीटरचा, माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. तरी एका नियमाने ते एकत्र आणि दुसऱ्याने वेगळे. अमेरिकन पेट्या इथेनॉलमध्ये निकामी ठरतात असा याचा अर्थ नव्हे. प्रत्यक्ष पेटीत ठेवली जाणारी फट या मर्यादेपेक्षा बरीच लहान असते. दोन्हीकडे सुरक्षेसाठी मोठे अंतर राखलेले आहे. अर्थ इतकाच की ०.८९ हा निसर्गाने दिलेला आकडा आहे आणि ‘२-बी’ हा समितीने दिलेला शेरा आहे. विद्यार्थ्यांना गुण आणि श्रेणी यांतील फरक चांगला ठाऊक असतो. ५९ आणि ६० गुणांचे उदाहरण वर्गात पुरेसे होईल.

ॲसिटिलीनचे प्रकरण मात्र अमेरिकेच्या बाजूने बोलते. नुसत्या फटीवरून पाहिले तर हायड्रोजन अधिक अवघड. मग ॲसिटिलीनला वरचा मान का? त्याचा स्फोट वेगळ्या जातीचा असतो. दाब फार चढतो, आणि ज्वलनात तयार झालेले कार्बनचे लाल कण फटीतून बाहेर फेकले जाऊ शकतात. वायू थंड झाला तरी कण तप्त राहतो. फटीच्या एका आकड्यात ही गोष्ट पकडली जात नाही. अमेरिकेने वेगळा गट करून ती उघड सांगितली. आयईसीने ॲसिटिलीनला हायड्रोजनबरोबर २-सीमध्ये ठेवले आणि सपाट कडांच्या जोडांवर जास्तीची बंधने आतल्या कलमांत घातली. माहिती दोन्हीकडे आहे. पण पेटीवरची पट्टी वाचणाऱ्या माणसाला ती अमेरिकन पद्धतीत अधिक लवकर दिसते.

हे श्रेय दिल्यावर त्याच अमेरिकन पद्धतीचा, किंवा दोघांनी मिळून केलेला, एक खरा घातक घोटाळा सांगायला हवा. अमेरिकेत ए सर्वांत कठीण, मग बी, सी, डी असे सौम्य होत जाते. आयईसीत ए सर्वांत सौम्य आणि सी सर्वांत कठीण. वर्णमालेची दिशाच उलटी. ‘सी’ हे अक्षर अमेरिकन पट्टीवर असेल तर त्याचा अर्थ एथिलीन. आयईसीच्या पट्टीवर असेल तर हायड्रोजनही चालेल. हायड्रोजनच्या प्रकल्पासाठी भांडारातून ‘सी’ची पेटी मागितली आणि अमेरिकन गट सीची हाती आली, तर बाहेरून चूक ओळखू येणार नाही. पेटी तितकीच जाड, बोल्ट तितकेच. अशी अक्षरे ठरवताना पलीकडच्यांचे काय चालले आहे याची चौकशी कोणी केली नसावी, असेच वाटते.

गटाबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे तापमान. वायू ठिणगीने पेटतो तसा तापलेल्या पृष्ठभागानेही पेटतो, आणि या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसतो. शिकवण्यासाठी हा भाग फार चांगला आहे. हायड्रोजनला पेटवायला सुमारे ०.०१७ मिलीज्यूल ऊर्जेची ठिणगी पुरते, मिथेनला ०.२८ लागते. तेव्हा हायड्रोजन सोळा-सतरा पट हळवा. पण तापलेल्या पृष्ठभागापुढे तोच हायड्रोजन चिवट आहे; त्याचे स्वयंप्रज्वलनाचे तापमान ५६० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. उलट कार्बन डायसल्फाइड घ्या. व्हिस्कोज रेयॉन बनवताना ते लागते. त्याची वाफ १०० अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावर ठिणगीविना पेटू शकते, म्हणजे वाफेच्या नळीवरसुद्धा. म्हणून उपकरणांना तापमानाचे वेगळे वर्ग दिलेले असतात. टी-१ म्हणजे पृष्ठभाग ४५० अंशांपर्यंत, मग ३००, २००, १३५, १००, आणि टी-६ म्हणजे ८५ अंशांपर्यंत. येथे दोन्ही पद्धती जवळजवळ एक आहेत. अमेरिकेने मधल्या वर्गांचे आणखी तुकडे पाडले आहेत, त्यावर वेळ घालवण्याची गरज नाही.

खरा वाद आहे जागांच्या वाटणीबद्दल. कारखान्यात सगळीकडे सारखा धोका नसतो. टाकीच्या आत वाफ सतत असते. टाकीच्या श्वासनळीजवळ ती टाकी भरताना येते. दहा मीटर दूर एखादा जोड गळाला तरच. आयईसीने याचे तीन भाग केले: झोन ०, जेथे स्फोटक मिश्रण सतत किंवा दीर्घकाळ असते, झोन १, जेथे नेहमीच्या कामकाजात ते अधूनमधून होण्याची शक्यता असते, झोन २, जेथे नेहमीच्या कामकाजात ते होत नाही आणि झालेच तर थोडा वेळ टिकते. अमेरिकन पद्धतीत दोनच भाग: डिव्हिजन १ आणि डिव्हिजन २. दुसरा भाग साधारण झोन २ सारखा. पण डिव्हिजन १ मध्ये झोन ० आणि झोन १ दोन्ही कोंबलेले आहेत.

यामागे इतिहास आहे. युरोपची नियमावली खाणींतून वाढली. वेल्समधील सेंगहेनिड येथे १४ ऑक्टोबर १९१३ रोजी कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार मेले. संकेताच्या विजेच्या घंटेची उघड्या तारांवरील ठिणगी हे त्याचे एक संभाव्य कारण मानले गेले. बॅटरीवर चालणारी साधी घंटा! त्या काळातील संशोधनातून ठिणगीची ऊर्जाच मर्यादित ठेवण्याची कल्पना पुढे आली. अमेरिकेच्या कोडची पहिली आवृत्ती १८९७ ची, आणि तिच्यामागे आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या होत्या. त्यांना इमारत जळू नये ही चिंता. त्यामुळे भक्कम पेटी, भक्कम लोखंडी नळी आणि तपासनीसाला डोळ्यांनी दिसेल असा पुरावा यांवर भर राहिला.

ऊर्जा मर्यादित ठेवणे म्हणजे काय, हे अकरावीच्या विद्यार्थ्याला कागदावर करून पाहता येईल. एक मायक्रोफॅरडचे धारित्र २४ व्होल्टला भारित केले तर त्यातील ऊर्जा अर्धा गुणिले धारिता गुणिले व्होल्टतेचा वर्ग, म्हणजे ०.२८८ मिलीज्यूल. मिथेन पेटवायला लागते जवळपास तेवढीच! म्हणजे बोटाच्या पेरावर मावणारे धारित्र आणि ट्रकच्या बॅटरीइतकी व्होल्टता एवढ्यावर खाण उडू शकते. प्रत्यक्षात सगळी ऊर्जा वायूला मिळत नाही, काही तारांच्या टोकांत जाते. म्हणून परीक्षण नुसत्या सूत्रावर सोडत नाहीत. टंगस्टनच्या तारा कॅडमियमच्या फिरत्या चकतीवर घासत ठेवून वायुमिश्रणात हजारो ठिणग्या पाडून पाहतात. या रीतीने बनवलेल्या उपकरणाला ‘अंगभूत सुरक्षित’ म्हणतात. त्यातील सर्वांत कडक प्रकारात, ‘आयए’मध्ये, एका वेळी दोन बिघाड झाले तरी ठिणगी दुबळीच राहिली पाहिजे.

आता इथेनॉलच्या टाकीकडे परत येऊ. पेट्रोलच्या टाकीत द्रवाच्या वरची जागा बहुधा वाफेने इतकी भरलेली असते की हवा अपुरी पडते आणि मिश्रण पेटू शकत नाही. इथेनॉलचे तसे नाही. त्याची वाफ हवेत साधारण ३ ते १९ टक्के असली की पेटते, आणि त्याचा ज्वलनबिंदू १३ अंशांच्या आसपास आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानाला बंद टाकीतील मिश्रण नेमके या मर्यादांच्या मध्ये सापडते. अशा टाकीत पातळी मोजणारे उपकरण बसवायचे आहे. आयईसीचा नियम सांगतो: ही जागा झोन ०, येथे नेहमीची फ्लेमप्रूफ पेटी चालणार नाही, अंगभूत सुरक्षित ‘आयए’ किंवा तितक्याच खात्रीचे काही हवे. कारण उघड आहे. फ्लेमप्रूफ पेटीची सुरक्षा एका फटीवर टांगलेली. सतत मिश्रणात राहिल्यावर एखादा ढिला बोल्ट पुरे.

अमेरिकन कोडमध्ये हीच जागा डिव्हिजन १, आणि डिव्हिजन १ मध्ये स्फोटसह पेटी मान्य. कोड लिहिणाऱ्यांना धोका कळत नव्हता असे म्हणता येत नाही. जेथे वायू सतत असतो तेथे शक्यतो विजेचे काहीच बसवू नये, आणि बसवणे भागच असेल तर अंगभूत सुरक्षित किंवा त्या कामासाठी खास मंजूर झालेले बसवावे, हे अनुभवावरून शहाणपणाचे ठरले आहे, अशी टीप कोडमध्ये आहे. पण ती टीप आहे. कोडच्या स्वतःच्याच रीतीप्रमाणे टिपा माहितीसाठी असतात, त्या बंधनकारक नसतात. माझ्या मते संपूर्ण कोडमधील हा सर्वांत मोठा दोष आहे. सर्वांत धोक्याच्या जागेबद्दलचे वाक्य बारीक टाइपात जावे, ही गोष्ट विद्युत्शास्त्राने समजावता येत नाही. जुन्या वाटणीत तिला बसवायला खण नव्हता, एवढेच. १९९६ साली कोडमध्ये झोनची पद्धत पर्याय म्हणून आली, तेव्हा तो खण मिळाला. पण जुनी पद्धतही तशीच ठेवली गेली, आणि कोणती वापरायची हे कारखान्यावर सोडले.

झोनच्या पद्धतीला या मुद्द्यावर पूर्ण गुण द्यावे लागतात. तिची दुबळी बाजू वेगळी आहे. ‘सतत’, ‘अधूनमधून’, ‘थोडा वेळ’ हे शब्द ती वापरते, पण किती तास हे जागांच्या वर्गीकरणाची व्याख्या सांगत नाही. व्यवहारात एक अंगठेनियम चालतो: वर्षातील ८७६० तासांपैकी एक हजाराहून अधिक तास मिश्रण असेल तर झोन ०, दहा ते हजार तास असेल तर झोन १, दहा तासांहून कमी तर झोन २. हे आकडे इतके प्रचलित आहेत की अनेकांना ते व्याख्येतच आहेत असे वाटते. नव्या प्रकल्पाच्या नकाशावर हे तास मोजून कोणी ठरवलेले नसतात, कारण प्रकल्प अजून उभाच नसतो. अनुभवी माणसाचा अंदाज नकाशावर रंगीत रेषा होऊन उतरतो आणि मग रेषा पाहणाऱ्याला तो मोजमाप वाटू लागतो. झोन २ मध्ये स्वस्त उपकरण चालते. रेषा एक मीटर आत सरकली की पैसे वाचतात. तीन खण असल्याने वाटणी अधिक बारीक झाली. अंदाज अधिक अचूक झाला, असे मात्र नाही.

तारा नेण्याच्या रीतीतही दोन्ही परंपरा उठून दिसतात. अमेरिकेत लोखंडी नळीतून तारा जातात आणि पेटीपासून १८ इंचांच्या आत नळी खास लुकणाने बुजवावी लागते, नाहीतर पेटीतील स्फोट नळीतून धावत दुसऱ्या पेटीत जाईल. युरोपी पद्धतीत चिलखती केबल आणि तिच्या तोंडाशी दाबून बसणारी ग्लँड. ग्लँड प्रयोगशाळेत तपासलेली असते, लुकण मात्र जागेवर फिटर ओततो. ते ओतले की नाही हे बाहेरून कळायला सोपे नसते. येथे मी ग्लँडच्या बाजूचा आहे.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. युरोपात विक्रीसाठी जो कायदेशीर निर्देश आहे, ‘ॲटेक्स’, त्यात झोन २ साठीच्या बहुतेक उपकरणांना उत्पादक स्वतःच निर्वाळा देऊ शकतो. आयईसीच्या ‘आयईसी-एक्स’ या योजनेत सर्व पातळ्यांना स्वतंत्र संस्थेचे प्रमाणपत्र लागते, आणि ते कोणालाही उघडून पाहता येते. भारतात प्रयोगशाळेचा परीक्षण-अहवाल घेऊन मंजुरीसाठी नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडे, म्हणजे पेसोकडे, जावे लागते. खाणींसाठी धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे. धनबादलाच केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्था आहे, जेथे पेट्यांत खरोखर स्फोट करून पाहिले जातात. वाचायला मात्र अमेरिकन कोड सोपा. तो संकेतस्थळावर नाव नोंदवून फुकट वाचता येतो. आयईसीचे एकेक मानक विकत घ्यावे लागते.

दोन्ही नियमसंचांनी एक मोठी गोष्ट आपल्या कुंपणाबाहेर ठेवली आहे. जागांचे वर्गीकरण नेहमीचे कामकाज आणि अपेक्षित गळती धरून होते. टाकी ओसंडून वाहणे, नळ फुटणे अशी महाआपत्ती त्यात धरलेली नसते. आयईसीचे मानक हे स्पष्टच सांगते. लंडनच्या उत्तरेस बन्सफील्ड येथे ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे एक पेट्रोलची टाकी ओसंडली. वाफेचा ढग कुंपण ओलांडून पसरला आणि चौकशीनुसार आग विझवण्याच्या पंपाच्या खोलीत बहुधा पेटला. ४३ माणसे जखमी झाली. २९ ऑक्टोबर २००९ ला जयपूरजवळ सीतापुरा येथील तेलाच्या डेपोत पेट्रोल सव्वा तासाच्या आसपास गळत राहिले आणि नंतर झालेल्या स्फोटात ११ जण मेले. अशा ढगाला झोन २ ची रेषा दिसत नाही. रेषेपलीकडे साधा स्विच, साधी मोटर, साधी गाडी, सगळे नियमाप्रमाणे.

बन्सफील्डची आणखी एक बाजू आहे. टाकीतील पातळीमापक अडकला होता, आणि पातळी फार चढली तर पुरवठा तोडणारा स्वतंत्र स्विच काम करण्याच्या स्थितीत नव्हता. स्फोटक वातावरणासाठीची मानके अशा स्विचकडे एकच अपेक्षा ठेवतात: त्याने ठिणगी पाडू नये. त्याने आपले काम करावे की नाही, हा दुसऱ्या मानकाचा विषय. बन्सफील्डचा स्विच पहिल्या कसोटीला उतरला असता, तरी दुसरीत तो नापास होता, आणि संरक्षण दुसरीनेच व्हायचे होते. पहिली कसोटी पुरेशी आहे असा समज प्रमाणपत्राचा कागद पाहून सहज होतो.

तसेच धुळीचे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील साखरेच्या कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट झाला आणि १४ कामगार मेले. चौकशीत पहिल्या स्फोटाचे संभाव्य कारण म्हणून पट्टावाहकाचे तापलेले बेअरिंग पुढे आले. बेअरिंगला वीज नसते. विजेचा कोड त्याबद्दल काय बोलणार? येथे युरोपचा निर्देश पहिल्यापासून सरस आहे. त्याने यांत्रिक उपकरणेही आपल्या कक्षेत घेतली, आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर तशी मानके २०१६ साली आली. साखरेच्या गोदामात उभे राहून धूळ झटकणाऱ्या माणसाला ठिणगी विजेची की घर्षणाची, हा प्रश्नच नसतो.

आपल्याकडे अडचण अशी की एकाच प्रकल्पात दोन्ही वंशाची उपकरणे नांदतात. अमेरिकन आराखड्याने आलेला कॉम्प्रेसर, युरोपी मोजमापयंत्रे, भारतीय मोटर आणि दिवे. प्रत्येकाची पट्टी आपल्या भाषेत बोलते. ‘एक्स डी-बी, २-बी, टी-४, जी-बी’ असे आयईसीच्या पट्टीवर असेल तर वाचायचे असे: फ्लेमप्रूफ पेटी, इथेनॉलसह एथिलीनपर्यंतचे वायू चालतील, पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर जाणार नाही, झोन १ साठी योग्य. शेजारच्या अमेरिकन यंत्रावर ‘क्लास १, डिव्हिजन १, ग्रुप सी, डी, टी-४’ असेल तर तेही साधारण त्याच कामाचे, फक्त तो ‘सी’ शेजाऱ्याच्या ‘सी’सारखा वाचायचा नाही. दोन्ही पट्ट्या इंग्रजीत असतात. पेटी उघडणारा फिटर बहुधा मराठी, हिंदी किंवा भोजपुरी बोलणारा असतो.

आणि कोकणातल्या पावसाळ्यात पेटी उघडावी लागतेच. कडांवर गंज धरतो. पाणी आत जाऊ नये म्हणून कोणीतरी कडांमध्ये रबराची पट्टी घालतो, गंज झाकायला रंग लावतो, बारा बोल्टांतील दोन सापडत नाहीत म्हणून दहावर भागवतो. रबराने फट वाढते. रंगानेही वाढते. दहा बोल्टांवर बसवलेली कड आतील दाबाने वाकू शकते, आणि मग ०.२९ काय किंवा ०.८९ काय, सगळ्या मर्यादा ओलांडल्या जातात. कड साफ ठेवून मान्य प्रतीच्या ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि सर्व बोल्ट घट्ट करावेत, हे दुरुस्ती आणि तपासणीच्या मानकांतून निघते. आयईसीने तपासणीसाठी आणि दुरुस्तीसाठी दोन स्वतंत्र भाग लिहिले आहेत, त्यांत कामाच्या माणसाची पात्रताही धरली आहे. मंजुरीसाठी ज्या उत्साहाने पहिले भाग वाचले जातात, त्या मानाने हे दोन भाग कपाटातच राहतात.

शाळेच्या प्रयोगशाळेत यातील जाळीचा प्रयोग निर्धास्तपणे करावा, शाळेतील नेहमीच्या बर्नरवर. धारित्राचे गणित फळ्यावर पुरे. पेट्रोल, स्पिरिट किंवा इथेनॉलची वाफ डब्यात कोंडून ‘फटीचा प्रयोग’ करून पाहण्याचा मोह विद्यार्थ्यांना होईल. तो होऊ देऊ नये. परीक्षण-प्रयोगशाळेत या प्रयोगाच्या वेळी माणसे भिंतीच्या पलीकडे उभी असतात.